काळ्यांचा संघ, गोऱ्यांचा संघ : इंग्लिश फुटबॉलचा १९७८-७९ चा हंगाम

खेळाच्या मैदानावर जात नसते, वंश नसतो, तिथे फक्त गुण चालतो, असे आपल्याकडे फार विश्वासाने सांगितले जाते. सांगणारे बहुधा असे असतात की ज्यांना मैदानाबाहेर कधी कुणी उभे केलेले नसते. पण हे वाक्य आता केवळ त्यांचे राहिलेले नाही. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावणारी, जिल्ह्याच्या कबड्डी संघात नाव यावे म्हणून धडपडणारी आमच्या महाविद्यालयातली मुलेही तेच बोलतात. ‘सर, आपण गुण दाखवला की कुणाची बोलायची हिंमत होत नाही.’ त्यांच्या या श्रद्धेची थट्टा मी करणार नाही. घरात अक्षर नसताना पदवीपर्यंत पोचणाऱ्या माणसाला दुसरी कोणती श्रद्धा परवडते? मीही तीच धरून शिकलो. परंतु श्रद्धा तपासून घ्यावी, हे आपल्याला बाबासाहेबांनी आणि त्यांच्याही आधी तथागताने सांगितले आहे.

तपासणीसाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. जवळचे घेतले की लगेच गावे, नावे, पोटजाती निघतात आणि चर्चा तिथेच बुडते. हे उदाहरण इंग्लंडमधल्या सर्वोच्च दर्जाच्या फुटबॉलचे, १९७८-७९ च्या हंगामाचे आहे. परीक्षेत तपासनीस असतो, मुलाखतीला समिती असते. तिथे कुणी कुणाला किती दिले यावर वाद घालता येतो. गोलाच्या बाबतीत तशी सोय नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला की गेला. त्या हंगामात काळ्या खेळाडूंचा गुण असा उघड्या मैदानावर, हजारो लोकांच्या साक्षीने सिद्ध झाला. मग त्या गुणाने त्यांना काय मिळवून दिले आणि काय दिले नाही, हे पाहणे आपल्या कामाचे आहे.

त्या काळची रचना थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये ९२ क्लब होते आणि त्यांच्या चार पायऱ्या होत्या. चार पायऱ्या म्हटल्यावर आपल्या वाचकाच्या मनात दुसरेच काही येईल. पण या उतरंडीत खालचा वर चढू शकतो आणि वरचा खाली घसरतो, एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही. सर्वांत वरच्या पायरीला ‘फर्स्ट डिव्हिजन’ म्हणत. तिच्यात २२ क्लब. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. ऑगस्ट ते मे असे ४२ सामने. विजयाला २ गुण, बरोबरीला १. अखेरचे तीन क्लब दुसऱ्या पायरीवर ढकलले जात. त्या वर्षी क्वीन्स पार्क रेंजर्स, बर्मिंगहॅम सिटी आणि चेल्सी हे तिघे गेले. प्रेक्षक बहुसंख्येने कामगार. मैदानाच्या कडेच्या पायऱ्यांवर, बाकावर न बसता, खांद्याला खांदा लावून उभे राहून ते सामना पाहत. शनिवारची दुपार ही त्यांच्या आठवड्याची मोकळी हवा होती.

आता ज्या क्लबाबद्दल मला प्रामुख्याने लिहायचे आहे, तो वेस्ट ब्रॉमिच ॲल्बियन. त्याचे ‘हॉथॉर्न्स’ हे मैदान वेस्ट ब्रॉमिच, स्मेदिक आणि हँड्सवर्थ या वस्त्यांच्या सीमेवर आहे. हा सारा मुलूख ओतकामाच्या भट्ट्यांचा, लोखंडाचा, धुराचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला हात कमी पडले, तेव्हा वेस्ट इंडीज बेटांतून आणि आपल्या पंजाबातून माणसे आली आणि जी कामे गोऱ्यांना नको होती ती, भट्टीजवळची, जड, अंग भाजणारी कामे त्यांच्या वाट्याला आली. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तिथे सूत तोंडाने ओले करावे लागे. खाते कोणते आणि कोणाचे, हे तिकडेही ठरलेले होते. १९६४ च्या निवडणुकीत सगळीकडे मजूर पक्षाचा जोर असताना स्मेदिकची जागा मात्र त्याने गमावली. प्रचार झाला तो परदेशातून आलेल्यांच्या विरोधात, अतिशय गलिच्छ भाषेत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, माल्कम एक्स स्वतः स्मेदिकला येऊन तिथल्या मार्शल स्ट्रीटवरून चालून गेला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. आणि १९६८ मध्ये जवळच्या वुल्व्हरहॅम्प्टनचा खासदार इनॉक पॉवेल याने बर्मिंगहॅममध्ये काळ्या-सावळ्यांच्या येण्यामुळे रक्तपात होईल अशा अर्थाचे कुप्रसिद्ध भाषण केले. त्याच्या बाजूने मोर्चे काढणाऱ्यांत लंडनचे गोदी कामगार होते. श्रमिकाला श्रमिकापासून तोडण्याचे काम जात जसे करते तसे वंशही करतो, हे ज्यांना फक्त पुस्तकातून कळते त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

अशा मुलखातल्या या क्लबात १९७८ च्या सुरुवातीपर्यंत तीन काळे खेळाडू जमले. त्या काळी एका संघात एक काळा असला तरी लोक वळून पाहत. तिघे नियमित खेळणारे म्हणजे अपूर्वच होते. लॉरी कनिंगहॅम लंडनचाच, आईवडील जमैकाचे. बगलेवरून चेंडू घेऊन धावणारा, अंगाने हलका, नाचाचा शौकीन. आधीच्या क्लबात सरावाला उशिरा आला म्हणून होणारा दंड तो नाचाच्या स्पर्धांत मिळालेल्या बक्षिसातून भरत असे, असे सांगतात. सिरिल रेजिस जन्माने फ्रेंच गयानाचा. पाच वर्षांचा असताना इंग्लंडला आला, विजेच्या तारा जोडण्याचे काम शिकला, हौशी क्लबांतून खेळत होता; तिथून वेस्ट ब्रॉमिचने त्याला १९७७ मध्ये केवळ ५,००० पौंडांत उचलले. आघाडीचा खेळाडू, छाती रुंद, चेंडूला मारलेला फटका तोफेसारखा. तिसरा ब्रेंडन बॅट्सन, ग्रेनाडात जन्मलेला, बचाव फळीत उजवीकडे खेळणारा, शांत, विचारी. मॅनेजर रॉन ॲटकिन्सन याने त्या काळच्या एका अमेरिकन गायिका-त्रयीवरून तिघांना ‘थ्री डिग्रीज’ असे नाव दिले. त्या गायिका मैदानावर आल्या, फोटो निघाले, वर्तमानपत्रांची चंगळ झाली. तिघांनी हसून साथ दिली. पण नाव ठेवण्याचा अधिकार नेहमी एकाच बाजूकडे का असतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गावात आपल्या बापजाद्यांना कोण कोणत्या नावाने हाक मारी ते आठवा.

खेळ मात्र काय होता! ऑक्टोबर १९७८ मध्ये त्यांनी कॉव्हेंट्रीला ७-१ असे धुतले. डिसेंबरमध्ये युरोपच्या ‘यूएफा’ चषकात स्पेनच्या व्हॅलेन्सियाला बाहेर काढले. त्या व्हॅलेन्सियात त्याच वर्षीच्या विश्वचषकाचा नायक मारियो केम्पेस खेळत होता. आणि ३० डिसेंबर १९७८ रोजी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ५-३ ने हरवले. या सामन्याचे चित्रण आजही पाहायला मिळते. मी ते अनेकदा पाहिले आहे. कनिंगहॅमच्या पायाशी चेंडू आला की एक आवाज उठतो, हूऽऽ असा, हजारो कंठांतून. पहिल्यांदा ऐकताना मला तो नेहमीचा गोंगाट वाटण्याची शक्यता होती; परंतु दूरचित्रवाणीवरचा समालोचक जेराल्ड सिन्स्टाट यानेच तो ओळखून, काळ्या खेळाडूंची हुर्यो उडवली जात आहे, असे त्या वेळी बोलून दाखवले. असे बोलणारे तेव्हा फार थोडे होते. बाकीचे समालोचक तो आवाज जणू पावसाचा आहे असे समजून पुढे जात. त्या हुर्योतच कनिंगहॅमने गोल केला. रेजिसनेही केला.

वर्षाच्या पहिल्या दिवशी बर्फाने झाकलेल्या मैदानावर ब्रिस्टल सिटीला ३-१ ने हरवून जानेवारी १९७९ च्या मध्यास वेस्ट ब्रॉमिच गुणतक्त्यात पहिल्या स्थानी पोचले. १९२० नंतर या क्लबाने लीग जिंकलेली नव्हती. तो हिवाळा इंग्लंडला फार कडक गेला. एकीकडे संपांची लाट, दुसरीकडे बर्फ, सामन्यामागून सामने पुढे ढकलले गेले. काळे खेळाडू थंडीत टिकत नाहीत, असे फुटबॉलमधले जाणते लोक तेव्हा सर्रास म्हणत. बर्फावर त्यांनी जे केले ते समोर असूनही म्हणत राहिले.

इथे थोडे थांबतो, कारण शिवीपेक्षा ही गोष्ट अधिक खोल आहे. काळ्या खेळाडूची निंदा करणारे होते तसे स्तुती करणारेही होते. ती स्तुती कशी होती? तो वेगवान आहे, त्याच्या अंगात लय आहे, त्याला हे जन्मतःच येते. आणि पाठोपाठ: पण डोके थंड नाही, शिस्त कमी, कठीण वेळी कच खातो. म्हणून त्याला बगलेवर पळवायचे किंवा पुढे गोल मारायला ठेवायचे. मैदानाच्या मध्यभागी उभे राहून संघाचा खेळ रचणारा, कर्णधार, आणि पुढे जाऊन मॅनेजर, ही कामे दुसऱ्यांची. अंग एकाला, बुद्धी दुसऱ्याला. आपल्याकडे हलगीच्या हाताचे, लेझमीच्या पायांचे, शाहिराच्या गळ्याचे कौतुक करणारे आणि त्याच माणसाला ग्रंथालय समितीवर घ्यायला कचरणारे सभ्य लोक मी पाहतो, तेव्हा मला ही स्तुती ओळखीची वाटते. जन्मजात म्हटले की मेहनतीचे श्रेय द्यावे लागत नाही.

निंदा तर होतीच. परगावच्या मैदानावर बसमधून उतरायचे, तो दाराशी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे लोक उभे. त्यांच्या मधून जाताना अंगावर थुंकी पडे आणि ती पुसून आत जावे लागे, असे बॅट्सनने पुढे सांगितले आहे. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते, त्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. तिकडे थुंकी माणसावरच टाकली जात होती. रीत उलटी, हेतू तोच. मैदानात केळी फेकली जात, माकडासारखे आवाज काढले जात. रेजिसची १९८२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात प्रथम निवड झाली तेव्हा त्याला टपालाने बंदुकीची गोळी आली, वेंब्लीच्या मैदानावर पाय ठेवलास तर ही तुझ्यासाठी, अशा अर्थाच्या चिठ्ठीसह. म्हणजे गुण जसजसा वर चढला तशी शिवीही गोळीपर्यंत चढली. आमच्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

राष्ट्रीय संघाचा विषय निघालाच आहे. याच हंगामात, २९ नोव्हेंबर १९७८ रोजी, वेंब्लीवर चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध व्हिव्ह अँडरसन खेळला. वरिष्ठ संघातून खेळलेला पहिला काळा खेळाडू म्हणून त्याची नोंद आहे. इंग्लंडने सामना १-० असा जिंकला. अँडरसन नॉटिंगहॅमचा, तिथल्याच नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबाचा बचावपटू, मॅनेजर ब्रायन क्लफच्या तालमीतला. अँडरसननेच सांगितलेली एक हकीकत आहे. सुरुवातीच्या दिवसांत कार्लाइल येथे सामना होता. क्लफने त्याला अंग गरम करायला बाहेर पाठवले. प्रेक्षकांनी फळांचा मारा केला. तो परत येऊन बसला. क्लफने विचारले, का आलास? फळे फेकताहेत म्हणाला. तर क्लफ म्हणाला, मग पुन्हा जा आणि माझ्यासाठी दोन नाशपाती आणि एक केळे घेऊन ये. ही गोष्ट तिकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. क्लफचा हेतू वाईट नव्हता. पोरगा खचू नये, हे त्याला पाहायचे होते, आणि अँडरसन त्याचे ऋण मानतो. तरीही मला प्रश्न पडतो की फळे फेकणाऱ्यांना कुणी काय विचारले? सोसण्याची तालीम ज्याच्यावर मारा होतो त्यालाच का? आपल्या किती शिक्षकांनी, किती आयांनी आपल्याला हीच तालीम दिली, लक्ष देऊ नकोस, अभ्यास कर. प्रेमाने दिली. दुसरे त्यांच्या हाती नव्हतेही.

आणि ‘पहिला’ या शब्दामागेही एक जुना हिशेब आहे. जॅक लेस्ली नावाचा प्लिमथ आर्गाइल क्लबाचा खेळाडू १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघासाठी निवडला गेला होता. मग नाव गळाले. निवडणाऱ्यांना तो काळा आहे हे आधी ठाऊक नव्हते, असे लेस्ली शेवटपर्यंत सांगत राहिला. उतारवयात तो लंडनच्या वेस्ट हॅम क्लबात खेळाडूंचे बूट साफ करण्याचे काम करी. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याच्या पश्चात, २०२३ मध्ये, सन्मानाची टोपी त्याच्या कुटुंबाला दिली. १९२५ ते १९७८ या ५३ वर्षांत काळ्यांमध्ये गुण नव्हता असे कुणाला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

बुटांवरून पळवणकर बाळू आठवणे आपल्याला अपरिहार्य आहे. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवण्याच्या कामावर लागला आणि पुढे हिंदूंच्या संघातून खेळला. तो चेंडू टाकी तेव्हा तो हिंदू होता. चहाच्या वेळी तो पुन्हा अस्पृश्य होई. बाकीचे आत पेल्यातून चहा घेत आणि त्याला बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याच्या वाट्याला आले, तेही मागणी आणि वादावादी झाल्यानंतर. आणि हेही लपवण्याचे कारण नाही की हाच बाळू १९३७ मध्ये काँग्रेसचा उमेदवार म्हणून मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला व पडला. थोर खेळाडू आपोआप चळवळीचा होतो असे नाही. त्याच्यावर तसे ओझे टाकणेही बरोबर नाही, आणि त्याच्या थोरवीला चळवळीचा पर्याय समजणेही बरोबर नाही.

पुन्हा हंगामाकडे वळतो. फेब्रुवारीत लिव्हरपूलने वेस्ट ब्रॉमिचला २-१ ने हरवले आणि पुढे विजेतेपदही लिव्हरपूलनेच घेतले: ६८ गुण, ८५ गोल केले, अवघे १६ झाले. फॉरेस्ट ६० गुणांसह दुसरे, वेस्ट ब्रॉमिच ५९ गुणांसह तिसरे. लिव्हरपूलचा तो संघ इंग्लंडने पाहिलेल्या सर्वोत्तम संघांपैकी एक, यात वाद नाही. पण लिव्हरपूल हे शहर अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारावर पोसलेले बंदर. तिथली काळी वस्ती इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. विजेत्या संघात मात्र एकही काळा नव्हता. त्या शहराचाच मुलगा हॉवर्ड गेल हा लिव्हरपूलकडून खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला तो १९८० मध्ये, आणि त्यालाही तिथे मोजकेच सामने मिळाले. २०१६ मध्ये ब्रिटिश राजसत्तेचा सन्मान देऊ केला असता, साम्राज्याच्या नावाचा तो सन्मान घेणे म्हणजे पूर्वजांशी द्रोह, असे सांगून त्याने तो नाकारला.

आणखी एक गंमत त्याच हंगामातली. १९७८ च्या उन्हाळ्यात परदेशी खेळाडूंवरची बंदी उठली आणि लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने अर्जेंटिनाचे आर्दिलेस आणि व्हिया हे दोन विश्वविजेते आणले. घरच्या मैदानावर कागदाच्या कपट्यांचा पाऊस पाडून त्यांचे स्वागत झाले. चांगलेच झाले. पण बाहेरदेशीचा नको, ही ज्यांची तक्रार होती त्यांनी अर्जेंटिनाच्या माणसांवर कागद उधळले आणि लंडनमध्ये जन्मलेल्या कनिंगहॅमला परत जा म्हणून सांगितले. तेव्हा प्रश्न देशाचा होता की कातडीचा?

मे १९७९ मध्ये हॉथॉर्न्सवर एक सामना झाला, त्याचे नाव मी या लेखाला दिले आहे. तिकडे अशी रीत होती की एका क्लबात दहा वर्षे सेवा केलेल्या खेळाडूसाठी सन्मानाचा सामना ठेवायचा आणि तिकिटांचे उत्पन्न त्याला द्यायचे. निवृत्तीनंतरची ती त्याची पुंजी. लेन कँटेलो या गोऱ्या खेळाडूचा तो सामना होता. लोक यावेत म्हणून काही नावीन्य हवे, तर ठरले की एका बाजूला सगळे गोरे आणि दुसऱ्या बाजूला सगळे काळे. रेजिस, कनिंगहॅम, बॅट्सन यांच्याबरोबर वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉर्ज बेरी, बॉब हेझल असे इतर क्लबांतले काळे खेळाडू आले. काळ्यांचा संघ ३-२ ने जिंकला. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. खेळणाऱ्या काळ्यांनाही त्या दिवशी आनंदच झाला, असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे सांगितले. कारण एरवी प्रत्येकजण आपापल्या संघात एकटा असे, आणि त्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत सगळेच आपले होते.

मला हा सामना फार विचारात पाडतो. एका बाजूने तो आपल्याला शहारे आणणारा: उत्पन्न वाढवण्यासाठी वंशाची जत्रा भरवायची! दुसऱ्या बाजूने, एकत्र उभे राहिल्यावर आपण अकरा भरतो आणि जिंकतोही, हे त्यांना त्या मैदानावर प्रथम दिसले. वेगळे बसवले जाणे आणि वेगळे जमणे यांतला फरक दलित वाङ्मयाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपली संमेलने वेगळी का, असे विचारणारे अजूनही भेटतात. त्यांना मी या सामन्याची आठवण करून देईन आणि हेही सांगेन की तिथे वेगळेपणाची आखणी काळ्यांनी केली नव्हती, उत्पन्नही त्यांचे नव्हते. त्यामुळे माझी तुलना अर्ध्यावरच थांबते, आणि तिने तिथेच थांबावे.

या सगळ्या काळात मैदानाबाहेर जे चालले होते ते वगळून हा हंगाम समजत नाही. नॅशनल फ्रंटने स्टेडियमच्या दाराशी पत्रके विकून गोऱ्या कामगारांची पोरे हेरायला सुरुवात केली होती. कारखाने बंद पडत होते, पोरे रिकामी होती. त्यांना उत्तर देण्यासाठी १९७७ मध्ये ‘अँटी नाझी लीग’ उभी राहिली. गायक, कामगार, विद्यार्थी रस्त्यावर आले. २३ एप्रिल १९७९ रोजी, हंगाम अजून चालू असताना, लंडनच्या साउथॉल या पंजाबी वस्तीत नॅशनल फ्रंटने निवडणुकीची सभा ठेवली. विरोधासाठी जमलेल्या लोकांवर पोलीस तुटून पडले आणि ब्लेअर पीच नावाचा एक शिक्षक डोक्यावरच्या घावाने मेला. गोरा होता, न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, मतिमंद मुलांना शिकवणारा. त्याला मारणारा बहुधा पोलीसच होता असे सांगणारा पोलिसांचाच अहवाल २०१० मध्ये बाहेर आला. शिक्षा कुणालाही झाली नाही. ३ मे १९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटचे ३०३ उमेदवार उभे होते. सगळ्यांच्या अनामत रकमा गेल्या.

साउथॉल आणि स्मेदिकच्या आपल्या माणसांविषयीही एक शब्द. रस्त्यावर जाट आणि रविदासी, वाल्मीकी एकत्र मार खात होते. पण घरात, लग्नात, गुरुद्वारात जात त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेलेलीच होती. तिथल्या दलितांनी अनेक वर्षे मागणी करून समानतेच्या कायद्यात जातीचा समावेश व्हावा म्हणून लढा दिला. २०१० च्या कायद्यात तशी वाट ठेवली गेली, २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केले, आणि २०१८ मध्ये सरकारने ते करणार नाही असे जाहीर केले. वंशभेदाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या आपल्याच काही सवर्ण संघटना या विरोधात पुढे होत्या.

मैदानावरच्या हुर्योचे पुढे काय झाले? ती गोलांनी थांबली नाही. कनिंगहॅम, रेजिस यांच्यानंतर दहा वर्षांनीही जॉन बार्न्ससारख्या अव्वल खेळाडूवर केळे फेकले जातच होते. १९९१ मध्ये स्टेडियममधल्या वंशवादी घोषणा हा गुन्हा ठरला, तेव्हा प्रथम कायद्याचा हात तिथे पोचला. १९९३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या साथीने फुटबॉलमधून वंशवाद हटवण्याची मोहीम सुरू झाली. राष्ट्रीय संघाचा पहिला काळा कर्णधार, पॉल इन्स, १९९३ मध्ये झाला. सर्वोच्च लीगमधला पहिला काळा ब्रिटिश मॅनेजरही तोच, २००८ मध्ये. अँडरसनच्या पहिल्या सामन्यानंतर तीस वर्षांनी. पळायला माणसे केव्हाच मिळाली होती. ठरवणाऱ्याच्या खुर्चीवर बसायला तीस वर्षे लागली. आणि २०२१ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तीन तरुण काळ्या खेळाडूंवर रातोरात जी घाण ओतली गेली, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे.

ॲटकिन्सनचेही सांगितले पाहिजे. तिघा काळ्यांना एकत्र खेळवणारा हा माणूस २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर समालोचक होता. ध्वनिक्षेपक बंद आहे अशा समजुतीने त्याने एका काळ्या खेळाडूविषयी अत्यंत हीन वंशवादी शब्द उच्चारला, तो काही देशांत ऐकू गेला, आणि त्याला काम सोडावे लागले. त्याचे समर्थक म्हणाले, ज्याने इतक्या काळ्यांना संधी दिली तो वंशवादी कसा? ‘संधी दिली’ हे क्रियापद मला नेहमी खटकते. सामने जिंकायला त्याला माणसे हवी होती आणि हे तिघे ते जिंकून देत होते.

तिघांचे पुढे असे झाले. कनिंगहॅमला त्याच उन्हाळ्यात स्पेनच्या रेयाल माद्रिदने सुमारे साडेनऊ लाख पौंड देऊन नेले. इंग्लंडच्या वरिष्ठ संघातून तो सहाच सामने खेळला आणि १९८९ मध्ये, ३३ व्या वर्षी, माद्रिदजवळ मोटार अपघातात गेला. रेजिसला पाच सामने मिळाले. तो २०१८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी वेस्ट ब्रॉमिचच्या बाजारपेठेत तिघांचा एकत्र पुतळा उभा राहिला. बॅट्सनला वरिष्ठ संघात एकदाही बोलावणे आले नाही. १९८२ मध्ये गुडघा दुखावला आणि त्याचा खेळ संपला. मग तो व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेत, म्हणजे त्यांच्या कामगार संघटनेत, पदाधिकारी म्हणून गेला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे करार, नुकसानभरपाई, तक्रारी यांच्या फायली हाताळत बसला. १९९३ च्या त्या मोहिमेमागे ही संघटना उभी होती.